तारामावशीची सहा बटणं

तारामावशी घाडीनं पहिल्याच भेटीत माझी विकेट काढली, आणि तीही तोंडातून आवाज न काढता.

लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर, रमणिकभाईंचा गाळा होता. शिलाईचा आणि भरतकामाचा धागा तिथं मोठ्या बॉबिनींवरून लहान, शंकूसारख्या कोनांवर गुंडाळला जायचा. संप होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गिरण्यांच्या वाइंडिंग खात्यातल्या बाया अशा गाळ्यागाळ्यांतून विखुरल्या होत्या. रमणिकभाईंकडे सातजणी होत्या. मी नुकती कुठे माटुंग्याच्या कॉलेजातून डिप्लोमा करून ड्राइव्ह विकणाऱ्या एका कंपनीत चिकटले होते. ड्राइव्ह म्हणजे मोटर किती वेगानं फिरवायची, किती सावकाश उठवायची आणि कशी थांबवायची हे ठरवणारा डबा. डब्याच्या तोंडावर चार लाल आकडे आणि त्यांच्याखाली सहा बटणं. त्या सहा बटणांच्या जोरावर मी स्वतःला कोण समजत होते, ते आता सांगायलाही लाज वाटते. वय चोवीस, खांद्याला टूलबॅग, काखेत कंपनीचं जाडजूड पुस्तक, आणि समोर आदरानं बाजूला सरकणारे लोक. माणूस बिघडायला आणखी काय लागतं?

त्या दिवशी मी बारा चात्यांच्या मशीनवर पहिला ड्राइव्ह बसवला. पुस्तकात होतं तसं सगळं भरलं आणि मोठ्या ऐटीत हिरवं बटण दाबलं. मशीन उठलं आणि बाराच्या बारा धागे तटातट तुटले. पुन्हा जोडले, पुन्हा तुटले. तिसऱ्या वेळी माझ्या कानशिलावरून घाम निघाला. मशीनच्या पलीकडे हिरव्या नऊवारीतली एक उंच, काटक बाई उभी होती. तिनं एका धाग्यावर बोट टेकवलं होतं आणि माझ्याकडे बघून ती ओठ हलवत होती. आवाज शून्य.

‘‘काय म्हणताय?’’ मी ओरडले.

तिनं पुन्हा ओठ हलवले. बाकीच्या बाया खो खो हसायला लागल्या. त्यातली एक मला म्हणाली, ‘‘मॅडम, मावशी गिरणीतलं बोलतात. तिकडं आवाजात काय ऐकू येतंय? वीस वर्षं ओठांवरच बोलल्या. आता आवाज काढायला विसरतात.’’

मग तारामावशीनं आवाज काढला. ‘‘बाय, झोपलेल्या माणसाक असा उठवतंस तू? घरात तुझी आई तुका लाथ मारून उठवता काय?’’

पाच सेकंदात पूर्ण वेग घ्यायचा, असं मी भरलं होतं. ते काढून बारा सेकंद केले. मशीन आळस दिल्यासारखं उठलं आणि बाराही धागे न तुटता चालू लागले. बायांनी एकच जल्लोष केला. मी पुस्तक बॅगेत टाकलं आणि मान वर केली, तर मावशी धाग्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

तिची बोटं मात्र बघण्यासारखी होती! धागा तुटला की दोन टोकं चिमटीत धरून ती अशी गाठ मारायची की ती मला कधी दिसलीच नाही. मी दहादा म्हटलं, मावशी, सावकाश मारा. ती सावकाश मारायची, तरी मला दिसायची नाही. गाठ मारताना ती भलतीकडेच बघत असायची, तोंडानं कुणाला तरी झापत असायची. मशीनचं आवरण तिनं एका जुन्या परकराचं शिवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ते घातल्याशिवाय ती डबा उघडत नसे. चहा मशीनपासून चार हात लांब. तेलकट हातानं बटणाला बोट लावणाऱ्याला ती आधी साबणाकडे पाठवी. त्यात मीही आले, रमणिकभाईही आले. ‘‘मशीनला घाई नसते गो, माणसाला असते,’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ती बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही ऐकवायची.

दुसऱ्या खेपेला मी गेले, तेव्हा तिनं मला जिन्यात गाठलं.

‘‘बाय, माका ती बटणं शिकव.’’

‘‘कशाला मावशी? तुमचं मशीन तर छान चाललंय.’’

मग तिनं सांगितलं. रमणिकभाई दिवाळीनंतर आणखी तीन मशीनं आणणार होते, तिन्ही ड्राइव्हवाली. बटणं कळणारे दोन शिकलेले ऑपरेटर ठेवायचे आणि बायांना पॅकिंगच्या टेबलावर बसवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पगार तेवढाच राहणार होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण मावशीचा जीव वरखाली होत होता.

‘‘अठराव्या वर्षी सूत हातात धरलं मी. संपात गिरणी गेली, तरी सूत नाय सुटलं. आता खोके बांधू? पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावू? ह्या बोटांनी?’’ तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला त्याचा प्रचंड राग आला होता.

आमच्या कंपनीचा नियम साफ होता: आकडे फक्त इंजिनिअरनं बदलायचे, काम झालं की कुलपाचा आकडा टाकून पॅनेल बंद करायचं, आणि तो आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. मी नियम मोडणारी नव्हे. शाळेत वर्गाची मॉनिटर होते मी. पण त्या जिन्यात मी एका सेकंदात ‘शिकवते’ म्हणाले आणि मला भलताच आनंद झाला.

खरी अडचण पुढेच होती. मावशीला इंग्रजी आकडे यायचे, सुताच्या लॉटवर वाचून वाचून पाठ झालेले. अक्षर मात्र एकही नाही. तेव्हा तिनं बटणांना आपली नावं ठेवली. आकडे बदलायला आत शिरायचं ते बटण म्हणजे दार. वर-खालचे बाण म्हणजे चढ आणि उतार. बदललेला आकडा पक्का करायचं बटण म्हणजे गाठ. उरलेली दोन, चालू आणि बंद. प्रत्येक आकड्याच्या जागेला ती खोली म्हणायची. सात नंबरच्या खोलीत उठण्याचा वेळ, आठ नंबरच्या खोलीत थांबण्याचा वेळ, नऊ नंबरच्या खोलीत जोर. कंपनीच्या पुस्तकाची एकशेवीस पानं तिनं एका चाळीत बसवून टाकली! मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी होतं.

‘‘दार. चढ, चढ, चढ... सात. गाठ. आता आतला आकडा दिसतो. चढ, चढ. परत गाठ. गाठ नाय मारली तर?’’

‘‘तर बदललेलं सगळं जातं,’’ मी म्हणे.

‘‘म्हणजे सुतासारखंच की!’’ ती टाळी द्यायची.

घरी सराव करायला ड्राइव्ह कुठून आणणार? तिनं कोनाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर कोळशानं सहा चौकोन काढले आणि तो चुलीशेजारी टांगला. पोळ्या लाटता लाटता ती त्यावर बोटं मारायची. शेजारच्या बायकांची समजूत झाली की घाडीणबाईला काहीतरी लागीर झालंय. एकीनं तर सुनेच्या हातून अंगाराही पाठवला. मावशीनं तो कपाळाला लावला आणि म्हणाली, ‘‘बरा झाला. परीक्षेक उपयोगी पडात.’’

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. पलीकडून मावशी. ‘‘बाय, मशीन थांबला. एक शून्य आलाय नि त्याच्या बाजूला एक फुटका शून्य.’’

मी सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं. फुटकं शून्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला: ओ आणि सी! मोटरवर भार वाढला की येणारी अक्षरं. मी फोनवर म्हटलं, ‘‘मावशी, कुठंतरी काहीतरी अडकलंय.’’

‘‘ता माका ठाऊक आसा. पट्ट्यात सूत गुंडाळला होता, काढला. फुटका शून्य जायत कसा, ता सांग.’’

दसऱ्याला मात्र घात झाला.

गिरणीत दसऱ्याला प्रत्येक मशीनची पूजा व्हायची. ती सवय बायांनी गाळ्यात आणली होती. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. मावशीनं मशीन पुसून लख्ख केलं, आणि मग तिच्या मनात आलं की मिटल्या डोळ्यांच्या देवाची पूजा कशी करायची? म्हणून तिनं मुद्दाम वीज चालू ठेवली, लाल आकडे उजळले, आणि पॅनेलभोवती सुतळीत ओवलेला हार आवळून बांधला. मग ती उंबऱ्यावर नारळ फोडायला गेली. इकडे आकडे हळूहळू वर चढू लागले. बावीस, तीस, चाळीस. बाया थक्क झाल्या. नारळ फुटला तेव्हा पन्नास झाले होते. सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळी मेन स्विच बंद करून सगळ्या पेढे खात घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी हार काढून मशीन चालू केलं. रोज बावीसवर चालणारं मशीन पन्नासवर पळालं. बारा चात्यांवरचा धागा सुटून छतापर्यंत उडाला आणि तिथून खाली येताना सगळ्यांच्या अंगावर जाळं झालं. गिऱ्हाइकाचा लॉट मातीत गेला. मला बोलावणं आलं. मी पॅनेल उघडलं, तारा तपासल्या, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते मला काही केल्या कळेना. ‘‘वीज कमीजास्त झाली असेल,’’ असं मी रमणिकभाईंना सांगणारच होते, एवढ्यात मावशीनं बाकीच्यांना विचारलं, ‘‘काल पूजेत काय झाला? सगळा सांगा.’’ त्यांनी चढणाऱ्या आकड्यांचं कौतुक सांगितलं. मावशी सरळ मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

‘‘शेट, माझ्या हाराची गाठ चढाच्या बटणावर बसली होती. चूक माझी.’’

वेगाचा आकडा दाराबाहेरच असतो; तो नुसत्या चढानं बदलतो आणि गाठ न मारताही टिकतो. कुणालाच कळलं नसतं! मी डोळ्यांनी तिला किती खुणावलं. पण ती बाई आपली चूक विजेवर कशी ढकलू देईल? रमणिकभाई वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी लाल झाले होते. ‘‘तारा, आजसे बटन को हाथ नहीं लगानेका. पॅकिंग पे बैठ.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘मॅडम, ताला मारो.’’

मी कुलपाचा आकडा टाकला. माझ्या हातून तो टाकला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

दिवाळी झाली, तीन नवी मशीनं आली, दोन ऑपरेटर आले. पोरं चांगली होती, शिकलेली होती, मला ‘मॅम’ म्हणायची. मावशी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पॅकिंगच्या टेबलावर बसून खोके बांधायची. खोकेही असे नेमके बांधायची की बघत राहावं. पण तिनं बोलणं सोडलं होतं. ओठही हलेनात. मी जवळ गेले की म्हणे, ‘‘बरी आसंय,’’ आणि चिकटपट्टी दातानं तोडे.

मग आली रेयॉनची ऑर्डर. भरतकामाचा धागा, केसाएवढा. मोठं गिऱ्हाईक होतं आणि त्याचा माणूस नमुना न्यायला दुपारी येणार होता. सकाळपासून मी, माझे साहेब आणि ते दोन ऑपरेटर नव्या मशीनभोवती घामाघूम झालो होतो. हिरवं बटण दाबलं की धागे तुटत. उठण्याचा वेळ बारा केला, वीस केला, तीस केला. तरी तटातट! साहेब पुस्तक चाळत होते, रमणिकभाई घड्याळ बघत होते. मी सात नंबरच्या खोलीतून बाहेरच पडत नव्हते.

सहज मान वर केली तर हॉलच्या त्या टोकाला मावशी उभी. तिच्या हातात चिकटपट्टी होती आणि ओठ हलत होते!

आता मला तिची ती भाषा थोडीफार वाचता येत होती. ती म्हणत होती: *उठायच्या आधी.* मग पुन्हा: *उठायच्या आधी तुटतो. नऊ.* आणि तिनं हात वर करून बोटं दाखवली. पाच आणि चार.

नऊ! जोर! मोटर जागची हलावी म्हणून सुरुवातीला ड्राइव्ह तिला जो दणका देतो, तो आम्ही कुणी बघितलाच नव्हता. जाड धाग्याला तो दणका कळत नव्हता, केसाएवढ्या धाग्याला तोच तोडत होता. मशीन कितीही सावकाश उठवा. उठण्याआधीच लाथ बसत होती. आणि हे तिला तीस हातांवरून, धाग्याला हात न लावता, नुसत्या तुटण्याच्या आवाजावरून कळलं होतं!

मी नऊ नंबरला जायला बोट उचललं आणि तसंच थांबले. मनात आलं, हे मी केलं तर ती जन्मभर खोके बांधणार. मी रमणिकभाईंकडे वळले. आवाज माझा इतका चढला की साहेब दचकले.

‘‘भाई, मला नाही जमत. मावशींना बोलवा.’’

‘‘मॅडम, मजाक का टाइम नहीं है.’’

‘‘मजाक नाही. दोष कुठं आहे ते त्यांनी आत्ता तिथून सांगितलं. कुलूप उघडंच आहे, बटणं त्या दाबतील. नाहीतर गिऱ्हाइकाला काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा.’’

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. रमणिकभाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग हॉलभर ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘‘तारा! इधर आ!’’

मावशी आली. पण थेट मशीनकडे आली नाही. आधी नळावर जाऊन साबणानं हात धुतले, पदराला पुसले. आम्ही सगळे उभे! मग तिनं एका ऑपरेटरला हलकेच बाजूला केलं, डाव्या हाताचं बोट धाग्यावर टेकवलं, आणि उजव्या हातानं, माझ्याकडे न बघता, सुरू केलं.

दार. चढ, चढ, चढ. नऊ. गाठ. आत आठ होते. उतार, उतार, उतार. पाचवर थांबली. गाठ. हिरवं बटण. बारातले चार धागे तुटले. साहेबांनी श्वास सोडला. मावशीनं ते चार जोडले. पुन्हा दार, पुन्हा नऊ, उतार, उतार. तीन. गाठ.

हिरवं बटण.

मशीन उठलं. एकही धागा तुटला नाही. बारा कोन फिरू लागले, केसाएवढा रेयॉन दिव्याच्या उजेडात चमकू लागला, आणि बायांनी जी आरोळी ठोकली ती खालच्या मजल्यावरच्या लेथवाल्यांनीही ऐकली असेल. मी तर वेड्यासारखी साहेबांचा हात हातात घेऊन हलवत होते. साहेब बिचारे ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’ म्हणत होते. रमणिकभाईंनी चष्मा काढून पुसला.

‘‘क्या चाहिए तेरे को, तारा?’’

‘‘चार मशीनं,’’ मावशी म्हणाली. ‘‘आणि कुलूप नको. ह्या सहाजणींना मी शिकवीन. पोरांना पण शिकवीन, त्यांचं काय चुकलं नाय.’’

तिला चारही मशीनं मिळाली. मला ऑफिसात लेखी ताकीद मिळाली; ती मी आजवर फाइलीत जपून ठेवली आहे, पुरस्कारपत्रासारखी.

पुढची सहा-सात वर्षं मी त्या गाळ्यात जात राहिले, पण काम म्हणून फार कमी वेळा. आठ नंबरची खोली कुणाच्या वाट्याची, यावरून बाया भांडत आणि मावशी निवाडा देई. नवीन मॉडेल आलं की तिला दाखवायला मीच पळत जायचे, कारण तिच्या तोंडून नवी नावं ऐकण्यासारखी दुसरी गंमत नव्हती.

मग इस्टेट विकली गेली. रमणिकभाईंनी भिवंडीला शेड घेतली. मावशी अंतोप हिलला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेली होती. वय झालं होतं, गुडघे बोलत होते. आता ती घरी बसणार, असंच सगळे धरून चालले होते. मशीनं हलवायच्या दिवशी वायरी सोडवायला म्हणून मी गेले, तर चारही मशीनं ट्रकवर चढून ताडपत्रीखाली गेली होती आणि मावशी ट्रकच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, डबा मांडीवर घेऊन बसली होती. स्टीलचा मोठा, पापडाचा डबा.

‘‘मावशी, तुम्ही कुठं निघालात? आणि हा डबा?’’

तिनं झाकण उघडलं. आत जुन्या लुगड्याच्या घड्यांत आकड्या-बटणांचे चार कीपॅड होते, ड्राइव्हवरून अलगद काढून घेतलेले. ‘‘खड्ड्यातून जायचं, दणके बसतील. त्यांका माझ्याकडे ठेवलंय.’’ मग ती माझ्याकडे वाकून म्हणाली, ‘‘बाय, गिरणीला कुलूप लागलं तेव्हा वॉचमननं माका फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाय. कपाटात माझी वहाण राहिली, डबा राहिला. वीस वर्षं ज्या मशीनवर काढली, ती कुठं गेली, कुणी विकली, काय कळलं नाय. ह्यावेळी मी मशीनच्या बरोबर जातंय.’’

मागून रमणिकभाई त्यांच्या गाडीतून उतरून आले. ‘‘तारा, गाडी में बैठ. आराम से चल. ये ट्रक में हड्डी तुटेगी तेरी.’’

‘‘तुम्ही या मागून,’’ मावशी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला. तिनं लगेच त्याला दरडावलं की गियर सावकाश टाक, आणि तो बिचारा ‘हां मावशी’ म्हणाला. ट्रक फाटकातून बाहेर पडला, पुढं मावशी, मागं चार मशीनं, आणि त्यांच्यामागून रमणिकभाईंची गाडी. मी भर रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते.